खेचरांची वाट

खेचर हे जनावर मराठी भाषेने फारसे मनावर घेतलेले नाही. बैलाला पोळा आहे, घोड्याला पोवाड्यांत मान आहे, आणि गाढवाला तर म्हणींमध्ये इतकी जागा मिळाली आहे की माणसाला हेवा वाटावा. खेचराच्या वाट्याला यातले काही आले नाही. अशा या उपेक्षित प्राण्याच्या पायांसाठी १८४ मैल लांबीची एक वाट नदीकाठाने बांधून काढलेली आहे, आणि त्या वाटेवरून २०२३ च्या ऑक्टोबरात मी तीन दिवस सायकल चालवली. तेव्हा माझे वय ६७ होते. हे मी प्रौढी म्हणून सांगत नाही. त्याच वाटेवर मला माझ्याहून थोराड अशा दोन आजीबाई भेटल्या. त्यांच्या सायकलींना तंबू आणि भांडीकुंडी बांधलेली होती, आणि "दमलात का?" अशी माझी आस्थेने चौकशी करून त्या पुढे निघून गेल्या.

वाट अमेरिकेतली. पोटोमॅक नावाची नदी पश्चिमेच्या डोंगरांतून उतरते आणि वॉशिंग्टन शहराजवळून समुद्राकडे जाते. तिच्या डाव्या काठाला धरून एक जुना कालवा आहे, कंबरलँड या गावापासून वॉशिंग्टनातल्या जॉर्जटाऊनपर्यंत. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला कालवा आणि मधे ही बारा फूट रुंदीची वाट. कालवा म्हटला की आपल्याला ऊस आठवतो. हा कालवा मात्र शेतासाठी नव्हता, होड्यांसाठी होता. नदीत खडक फार आणि धबधबेही. तेव्हा नदीशेजारीच माणसाच्या आज्ञेत राहणारी दुसरी एक नदी खोदावी, असा तो बेत. होडीला शीड नाही की इंजिन नाही. सव्वाशे टनांच्या आसपास कोळसा भरलेली ९२ फुटी होडी काठावरची दोन-तीन खेचरे लांब दोराने ओढीत नेत. सहा तास झाले की ती खेचरे होडीतल्या तबेल्यात विश्रांतीला जात आणि आतली ताजी खेचरे बाहेर येत. कुटुंबेच्या कुटुंबे होडीवर संसार करीत. खेचरांमागे बहुधा घरातले एखादे पोर चालत असे; त्याहून धाकटे जे असेल ते पाण्यात पडू नये म्हणून होडीच्या टपावर दोरीने बांधून ठेवलेले असे. हे वाचून माझ्या मुलीला फार वाईट वाटले. मला त्या आईचे कौतुक वाटले. दोर चांगला मजबूत असला पाहिजे, एवढेच.

कालव्याची कुंडली मात्र पहिल्यापासून वाईट. १८२८ सालच्या ४ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी समारंभाने पहिले फावडे मारले, ते नेमके झाडाच्या मुळावर आदळले. पुन्हा मारले, पुन्हा मूळ. अखेर अध्यक्षमहाशयांनी अंगातला कोट काढून टाकला आणि जोर लावला, तेव्हा कुठे माती निघाली आणि लोकांनी जयघोष केला. पण त्याच दिवशी, तिथून जवळच असलेल्या बाल्टिमोर शहरात, नव्वद वर्षांचे चार्ल्स कॅरल एका रेल्वेचा पहिला दगड बसवीत होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी तेवढे एकच तेव्हा हयात होते. दोघांनाही याच खोऱ्यातून पश्चिमेला ओहायो नदीकडे जायचे होते. एकाच मुहूर्तावर दोन लग्ने लागावीत आणि दोन्ही सुना एकाच घरात याव्यात, त्यातला प्रकार. रेल्वे १८४२ साली कंबरलँडला पोचली. कालवा पोचला १८५० साली, आणि तिथेच थांबला. 'चेसापीक अँड ओहायो कॅनॉल' असे त्याचे नाव; त्यातली ओहायो त्याला जन्मात भेटली नाही. तरी बिचारा वर्षानुवर्षे कोळसा वाहत राहिला. १८८९ च्या महापुराने तो मोडला आणि मोडलेला कालवा गेला कुणाच्या ताब्यात, तर त्या रेल्वेच्याच. १९२४ च्या पुरानंतर त्यावर होडी चालली नाही. नदी रागावते म्हणजे काय करते, हे पुण्याच्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा मी पाच वर्षांची होते. वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेली ती पर्वतीकडे धावणारी माणसे मला अजून दिसतात.

सायकलही मी त्याच पर्वतीच्या पायथ्याशी शिकले. खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याच्या काठाने तेव्हा मुरमाची वाट होती आणि वर्दळ अशी नव्हतीच. तासावर भाड्याने मिळणारी सायकल पुरुषी, दांडा मधे. त्या दांड्याखालून पाय घालून हाफ पेडल मारीत आम्ही मुली जात असू. एका बाजूला पाणी असले की तोल आपोआप सांभाळला जातो, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे. पुढे कॉलेज, मग शाळेतली नोकरी, सगळे सायकलवरच. पुण्याला तेव्हा सायकलींचे शहर म्हणत.

आता माझी मुलगी मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टनच्या जवळ राहते. घर मोठे आहे, अंगण आहे, खारी आहेत. पण कोथिंबिरीची जुडी आणायची म्हटली तरी मोटार काढावी लागते. आठवडाभर मी घरात, शनिवार-रविवारी मोटारीत. मी अमेरिका पाहिली ती बहुतेक मोटारीच्या काचेतून. दर खेपेला परत निघायची वेळ जवळ आली की एक विषय निघे. "आई, आता ती जागा विकून टाक आणि इकडेच ये." विषय माझे यजमान गेल्यापासूनचा, म्हणजे २०२१ पासूनचा. मी म्हणायची, बघू. ती म्हणायची, तू नेहमी बघूच म्हणतेस. मग जावई "आई, चहा टाकू का?" असे विचारीत आणि तो विषय चहात बुडे. जावई शहाणे आहेत.

कालव्यावर सायकल चालवायची ही कल्पनाही त्यांचीच. त्यांनी माझ्यासाठी उसनी सायकल आणली, रुंद टायरांची, दांडा नसलेली. आधी घराजवळच दोन रविवार माझी परीक्षा घेतली. मग बेत ठरला: मायलेकींनी सायकलवर जायचे आणि त्यांनी सामान घेऊन मोटारीने संध्याकाळच्या मुक्कामी पोचायचे. कंबरलँडहून निघून पॉ पॉ, हॅन्कॉक आणि विल्यम्सपोर्ट. ८५ मैल, तीन दिवस.

पहिल्या दिवशी मला सर्वांत आवडला तो आवाज. डांबरी रस्त्यावर सायकल मुकी असते. इथे बारीक खडी आणि दडपलेली माती. तिच्यावरून चाक गेले की भाकरी थापताना पिठाचा होतो तसा मऊ, करकरीत आवाज सतत येत राहतो. दोन्ही कडेला चाकांनी पडलेल्या दोन वाटा आणि मधे गवताचा पट्टा, अगदी आपल्याकडच्या गाडीवाटेसारखा. झाडांची मुळे वर आलेली असतात. ती पानांखाली दडलेली असली की हिसका बसतो, आणि मग ॲडम्ससाहेबांची आठवण होते. कालव्यात बहुतेक ठिकाणी पाणी नाही. त्यात झाडे उभी आहेत, चांगली जाड खोडांची. कुठे डबके राहिले असेल तर पडलेल्या ओंडक्यावर कासवे ओळीने उन्हाला बसलेली. चाहूल लागली की एकेक पाण्यात उडी टाकते, पण घाई नाही. शाळेच्या मुलांनी बाई आल्यावर नाइलाजाने जागेवर जावे तशी.

वाटेला चढ-उतार असा नाहीच. १८४ मैलांत सारा मिळून ६०५ फुटांचा उतार, आणि तोही ७४ लॉकांमध्ये वाटून दिलेला. लॉक म्हणजे दगडी हौद, दोन्ही टोकांना लाकडी दारे. होडी आत घ्यायची, दार लावायचे, पाणी सोडायचे, की होडी सात-आठ फूट खाली. पलीकडचे दार उघडायचे की चालली पुढे. पाण्याचा जिनाच. शेजारी रखवालदाराचे घर. रात्री-अपरात्री होडीवरचे शिंग वाजले की त्याने किंवा त्याच्या बायकोने उठून दारे उघडायची. आता दारे कुजली आहेत, पण वाट अजून प्रत्येक लॉकपाशी आठ फूट खाली उतरते. तेवढी वीस-पंचवीस पावले पायडल मारावे लागत नाही. तिथे पोचले की मी दोन्ही पाय स्वस्थ ठेवून द्यायची. या वयात फुकट मिळालेला उतार कोण सोडील?

नियमाप्रमाणे या वाटेवर एकामागून एक चालवायचे असते. मुलगी मागे, मी पुढे. त्यामुळे बोलणे झाले तरी तोंड दिसत नाही. घरी ती माझ्याशी बोलते तेव्हा तिच्या हातात फोन, समोर काही ना काही काम, आणि मी तिच्या चेहऱ्यावरचा थकवा वाचीत बसते. इथे नुसता आवाज येत होता आणि खडीची करकर. लहानपणी मी तिला सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवून शाळेत नेत असे, तेव्हा हा आवाज असाच पाठीमागून येई. तेव्हा तिला प्रश्न फार पडत. परवाही तसेच झाले, दुपारपर्यंत तिने मला माझ्या लग्नाआधीच्या नोकरीविषयी, आजीविषयी, तिच्या बाबांनी एकदा सायकल विकली त्याविषयी इतके विचारले की शेवटी मीच म्हटले, "अगं, मला जरा धापू दे."

रात्री पॉ पॉमध्ये जेवताना जावयांनी या वाटेची पुढली गोष्ट सांगितली. सरकारने १९३८ साली मोडका कालवा २० लाख डॉलरना विकत घेतला. पुढे कुणाच्या तरी मनात आले की याच्यावरून मोटारींचा सुंदर रस्ता काढावा. १९५४ च्या जानेवारीत 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्रानेही अग्रलेख लिहून त्या रस्त्याची बाजू घेतली. तेव्हा विल्यम डग्लस नावाचे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. हिमालयापर्यंत पायपीट करून आलेले गृहस्थ. त्यांनी संपादकांना जाहीर पत्र लिहिले. त्यातला मथितार्थ असा, की आधी माझ्याबरोबर ही वाट शेवटपर्यंत चाला, मग मत द्या. संपादकांनी आव्हान घेतले हे त्यांचे मोठेपण. २० मार्चला कंबरलँडहून पन्नासाच्या वर माणसे निघाली आणि आठ दिवस चालली. अखेरपर्यंत सबंध वाट चालली ती न्यायमूर्ती धरून फक्त नऊ. संपादकांनी आपले मत बदलले. संपूर्ण नव्हे, पण पुष्कळसे. मोटाररस्ता झाला नाही, आणि १९७१ मध्ये सबंध कालव्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. इतकी वर्षे जिच्यावरून खेचरांनी कोळसा ओढला, ती वाट वाचली ती आठ दिवसांच्या चालण्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोगदा आला. इथे नदी इतकी वाकडीतिकडी वळते की ती वळणे टाळण्यासाठी कालवा सरळ डोंगराच्या पोटातून नेला. लांबी ३,११८ फूट, आतून विटांचे अस्तर, आणि विटा सुमारे ६० लाख. १८३६ साली काम काढले तेव्हा ते दोन वर्षांत संपेल असा कंत्राटदाराचा हिशेब होता. लागली चौदा. मजुरांचे पगार थकले, मारामाऱ्या झाल्या, कंत्राटदार बुडाला. एवढे करून बोगदा एका होडीपुरताच रुंद. त्यावरून एक गोष्ट तिथे सांगतात. एकदा दोन होड्या आत समोरासमोर आल्या आणि दोन्ही कप्तानांनी मागे हटायचे साफ नाकारले. दिवसांमागून दिवस गेले. मागे होड्यांची रांग लागली. शेवटी कालव्याच्या अधिकाऱ्याने एका तोंडाशी मक्याची ओली ताटे पेटवून आत धूर सोडला, तेव्हा दोघे खोकत बाहेर पडले.

"आपलं दोघींचं तेच चाललंय," मुलगी म्हणाली आणि सायकलवरून उतरली. आत सायकल हातात धरून चालायचे असते.

आत अगदी काळोख. वाट अरुंद, कडेला लाकडी कठडा, आणि त्याच्या पलीकडे खाली काळे पाणी. बॅटरीचा उजेड पायापुरता. विटांतून पाणी ठिबकत होते. शंभरेक पावले कुणी बोलले नाही. मग मागून आवाज आला.

"आई."

"काय गं?"

"त्या दिवशी रात्रभर तुझा फोन लागत नव्हता ना, तेव्हा मी शेजारच्या काकूंना उठवलं. तू रागावलीस."

"चार वाजता उठवलंस त्यांना. लाइन बंद होती नुसती."

"ते तुला माहीत होतं. मला नव्हतं." थोडा वेळ नुसती ठिबठिब. "मला तू रोज पडलेली दिसतेस. न्हाणीघरात. आणि मी इथे मीटिंगमध्ये. बाबांच्या वेळी मी पोचले नाही, आई."

२०२१ च्या त्या एप्रिलात कोण कुठे पोचू शकत होते? नेहमीची विमाने बंद होती, दवाखान्यात मलासुद्धा आत सोडले नव्हते. हे मी तिला तेव्हा सांगितले होते, नंतरही सांगितले होते, आणि ते खरेच होते. पण काळोखात मला कळले की ती मला हिशेब विचारीत नव्हती. मी सायकल कठड्याला टेकवली, चाचपडत मागे गेले आणि तिचा हात धरला. मोठी नोकरी करणारी, माणसे हाताखाली असलेली माझी मुलगी. हात मात्र गार पडला होता. पलीकडचे तोंड तोवर नाण्याएवढे दिसू लागले होते. आम्ही तशाच थांबलो. समोरून एक तरुण जोडपे बॅटरी हलवीत आले, त्यांना जायला जागा करून द्यायची म्हणून आम्हांला हलावे लागले.

बाहेर ऊन डोळ्यांना टोचले. तिथे एका झाडाला पिवळी धमक, लांबट पाने लागलेली होती. ते पॉ पॉचेच झाड, गावाचे नाव त्यावरूनच. हे झाड आपल्या सीताफळाच्या कुळातले आहे, असे मुलीने सांगितले. फळे सप्टेंबरात होऊन गेलेली. सीताफळाचा भाऊबंद इतक्या दूर येऊन बर्फात उभा राहतो याचे मला नवल वाटले, पण ते मी बोलून दाखवले नाही. दाखवले असते तर तिने ते माझ्याच विरुद्ध वापरले असते.

झाडाखाली बसून आम्ही पोळीचे लाडू खाल्ले. मग मी बोलले. म्हटले, "तू मला रोज पडलेली बघतेस, कारण तू मला फोनवर बघतेस. मी सकाळी सहाला उठते, तळजाईवर जाते, तिथे आमचं सातजणींचं टोळकं आहे. येताना मंडईत जाते. मंगळवारी आणि शुक्रवारी दोन मुली गणिताला येतात, त्यांच्याकडून मी पैसे घेत नाही आणि त्यांचं गणित काही सुधारत नाही. यातलं तू काय पाहिलं आहेस? येतेस ती लग्नाला, चार दिवस, तीनशे माणसांत. न्यायमूर्तींनी त्या संपादकांना आठ दिवस चालवलं. तू पंधरा दिवस ये. माझ्याबरोबर चाल. मग जागेचं बोलू."

"आणि तू?" ती म्हणाली. "तू माझं काय पाहिलं आहेस? मोटारीतून दिसलं तेवढंच ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. कालपासून ती वाटेत भेटणाऱ्या माणसांशी कशी बोलते, पंक्चर कशी काढते, नकाशा न बघता पुढचा पाण्याचा पंप किती मैलांवर आहे ते कसे सांगते, हे मी पाहत होते. ही बाई मला नवी होती. मी म्हटले, "म्हणून तर आले ना सायकलवर."

हॅन्कॉकच्या अलीकडे माझे गुडघे बोलू लागले. ३२ मैलांचा तो दिवस जरा जास्तच झाला. या गावापाशी मेरीलँड राज्य इतके चिंचोळे आहे की नदीपासून पलीकडच्या राज्याची हद्द दोन मैलांवरही नाही. जावई म्हणाले, आई, उद्या सायकल नको असेल तर आपण मोटारीने सबंध राज्य पाच मिनिटांत ओलांडू. मी गुडघ्यांना तेल लावले आणि सकाळी पुन्हा सायकलवर बसले.

तिसऱ्या दिवसाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, आणि चांगला दिवस असाच असतो. नदी डोंगरातून मोकळी होऊन रुंद झाली होती. एक राखी बगळा आमच्या पुढे पुढे उडत जाई, आम्ही जवळ आलो की वैतागून पुन्हा उडे. असे त्याने तीन-चार मैल काढले. पलीकडच्या काठाने मालगाडी गेली, शंभरावर डबे असतील, मोजताना मी चुकले. ती जुनी सवत अजून चालते आहे. पण कंबरलँडहून वर पिट्सबर्गपर्यंत जी दीडशे मैलांची खडीची वाट गेली आहे, ती एका मोडीत काढलेल्या रेल्वेच्या रुळांखालची जमीन आहे. आता तिथेही सायकली चालतात. कालवा आणि रेल्वे यांचे भांडण शेवटी सायकलवाल्यांच्या पथ्यावर पडले.

विल्यम्सपोर्टला कालव्याचा दगडी पूल आहे, खालून एक ओढा आणि वरून कालवा. १९२० मध्ये त्याची एक भिंत कोसळली आणि वरून चाललेली होडी पाण्यासकट ओढ्यात गेली. ती भिंत दुरुस्त करून २०१९ साली त्यात पुन्हा पाणी सोडले आहे. तीन दिवस कोरडा, झाडे उगवलेला कालवा पाहिल्यावर तिथे तो भरलेला दिसला. पाणी अगदी संथ, वर पिवळी पाने. तिथल्या मैलाच्या खुणेवर आकडा ९९. म्हणजे जॉर्जटाऊन अजून ९९ मैल.

मुलगी २०२४ च्या फेब्रुवारीत आली, एकटी, सतरा दिवस. तळजाईवर पहिल्या दिवशी तिला धाप लागली, आणि आमच्या टोळक्यातल्या सर्वांत वडील बाईंनी तिला "दमलीस का गं?" असे विचारले, तेव्हा मला फार बरे वाटले. त्या दोन मुलींपैकी एकीला तिने अपूर्णांक शिकवले. ते तिला समजले, याचा मला किंचित राग आला. कालव्याच्या काठाने ती मला घेऊन गेली, पण पर्वतीखालची ती वाट आता ओळखू येत नाही, आणि सायकल चालवायची तर सोयच नाही. जाताना तिने न्हाणीघरात दोन दांडे बसवून घेतले आणि शेजारच्या काकूंकडे एक किल्ली ठेवली. जागेविषयीचे तिचे मत बदलले आहे. संपूर्ण नव्हे, पण पुष्कळसे. माझेही तेवढेच बदलले आहे. ती उसनी सायकल जावयांनी विकत घेऊन टाकली असून, खालचे ९९ मैल कोणत्या महिन्यात करायचे यावर सध्या फोनवर वाद चालू आहे. ती म्हणते एप्रिल, तेव्हा काठाने निळी फुले येतात. मी म्हणते ऑक्टोबर.